उतारवयातील दमा : धोका केवळ छातीत नव्हे, औषधांच्या पिशवीतही

छत्रपती संभाजीनगर, प्रतिनिधी

दिवाळी सरते, पहाटेचा गारवा वाढू लागतो आणि शहरातील रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत धाप लागलेल्या ज्येष्ठ नागरिकांची गर्दी दिसू लागते. घाटी असो, चिकलठाण्याचे जिल्हा रुग्णालय असो की एखाद्या गल्लीतील खासगी दवाखाना, चित्र बहुधा सारखेच असते. सत्तरी ओलांडलेले आजोबा किंवा आजी, सोबत मुलगा नाहीतर सून आणि हातात औषधांची पिशवी. त्या पिशवीत रक्तदाबाची गोळी असते, साखरेची असते, गुडघ्यासाठी औषध दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी असते, काचबिंदूचे थेंब असतात, दोन अर्धवट वापरलेले पंप असतात आणि तळाशी कोणीतरी दिलेली एखादी पुडीही असते. ही सारी औषधे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहून दिलेली असतात. त्या सर्वांकडे एकत्र पाहणारा मात्र सहसा कोणी नसतो.

‘दमा दम के साथ जाता है’ ही म्हण मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. आजार पूर्ण बरा होत नाही, या अर्थाने तिच्यात तथ्य आहे. परंतु दम्याने माणूस दगावणे हे आजच्या काळात बहुतांशी टाळता येण्यासारखे आहे, ही गोष्ट त्या म्हणीमुळे झाकली जाते. ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या २०१९च्या अंदाजानुसार भारतात दम्याचे सुमारे साडेतीन कोटी रुग्ण आहेत. जगातील एकूण रुग्णांपैकी हे प्रमाण सुमारे १३ टक्के भरते. जगात दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. रुग्ण १३ टक्के आणि मृत्यू ४० टक्क्यांवर, ही तफावत आजाराच्या उग्रतेपेक्षा उपचारांच्या पद्धतीकडे बोट दाखवते. त्यातही ज्येष्ठांना असणारा धोका तरुणांपेक्षा कितीतरी अधिक आहे.

सूज आणि आवळ

दम्यात श्वासनलिकांमध्ये दोन गोष्टी घडतात. नलिकांच्या आतील अस्तराला कायमची, कमीअधिक प्रमाणात सूज असते. धूळ, धूर, थंड हवा, सर्दीचा विषाणू यांपैकी एखादे निमित्त मिळाले, की नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात, अस्तर आणखी सुजते, चिकट बेडका साचतो आणि श्वास बाहेर टाकणे कठीण होते. छातीतून येणारी घरघर किंवा शिटीसारखा आवाज हा त्या अरुंद वाटेतून जाणाऱ्या हवेचा असतो. आवळलेले स्नायू मोकळे करणारे औषध वेगळे आणि सूज कमी करणारे औषध वेगळे. बाकी सारा उपचार समजून घेण्यासाठी एवढा एक भेद लक्षात ठेवला तरी पुरे.

साल्बुटामॉल हे औषध पहिल्या प्रकारचे. बहुतेकदा निळ्या रंगाच्या पंपात ते मिळते आणि पाच-दहा मिनिटांत आराम पडतो. सूज उतरवणारी बुडेसोनाइड, बेक्लोमेथासोन, फ्लुटिकासोन ही औषधे दुसऱ्या प्रकारची, म्हणजे श्वासावाटे घ्यावयाची स्टिरॉइड्स. त्यांचा परिणाम दिसायला दिवस किंवा आठवडे लागतात, म्हणून ‘या पंपाने काही फरक पडत नाही’ असे म्हणून रुग्ण ती बाजूला ठेवतो आणि निळा पंप उशाशी घेऊन झोपतो. गळक्या पत्र्याखाली बादली ठेवावी, ती भरली की ओतून पुन्हा ठेवावी आणि पत्रा मात्र कधीच दुरुस्त करू नये, तसा हा प्रकार होय.

उतारवयात निदान अधिक अवघड असते. दमा हा मुलांचा आजार, अशी समजूत असल्याने साठीनंतर पहिल्यांदा लागलेली धाप ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिली जाते. शिवाय वय वाढते तशी श्वास कोंडल्याची जाणीवही बोथट होते. नलिका बऱ्याच अरुंद झालेल्या असतानाही आजोबा ‘ठीक आहे’ असे सांगतात. त्यात हृदयविकाराची भर. हृदयाचे काम मंदावले, की फुप्फुसांत पाणी साचून रात्री धाप लागते, कधी घरघरही ऐकू येते. पावलांवर सूज, आडवे होताच वाढणारी आणि उशा उंच केल्यावर कमी होणारी धाप ही लक्षणे हृदयाकडे निर्देश करतात. पहाटेच्या सुमारास ढास आणि घरघर, दिवसा तुलनेने बरे आणि ऋतू पालटताच पुन्हा त्रास, हा क्रम दम्याचा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळेही (एनालाप्रिल, रामिप्रिल इत्यादी) कोरडा खोकला लागतो, हे आणखी एक वळण.

तिसरा आणि आपल्याकडे सर्वाधिक गोंधळाचा आजार म्हणजे ‘सीओपीडी’, अर्थात फुप्फुसांना जडलेला कायमचा अडथळा. तो केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना होतो, असा समज दीर्घकाळ होता. पुण्यातील डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलेल्या लेखाने धूम्रपान न करणाऱ्यांतील सीओपीडीकडे जगाचे लक्ष वेधले. चुलीचा धूर हे त्यातील प्रमुख कारण. मराठवाड्यात पऱ्हाट्या आणि गोवऱ्यांवर चाळीस-पन्नास वर्षे भाकरी भाजलेल्या आजींना दमा आहे, सीओपीडी आहे की दोन्ही, हे नुसते छातीला नळी लावून ठरत नाही. त्यासाठी ‘स्पायरोमेट्री’ ही फुंकण्याची चाचणी करावी लागते. साल्बुटामॉल देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा किमान १२ टक्क्यांनी आणि २०० मिलिलिटरने वाढली, तर दम्याकडे कल जातो. हा निवाडा केवळ पुस्तकी नाही. सीओपीडीमध्ये स्टिरॉइडविना नुसते दीर्घकाळ नलिका रुंदावणारे पंप चालतात. दम्याच्या रुग्णाला तेच पंप स्टिरॉइडविना दिले, तर सूज आत वाढत राहते आणि वरवर मात्र बरे वाटते.

निळ्या पंपाचा भरवसा

दम्याच्या उपचारांविषयी जगभरातील डॉक्टरांना दिशा देणाऱ्या ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ म्हणजेच ‘जीना’ या संस्थेने २०१९मध्ये एक महत्त्वाचा बदल केला. प्रौढ रुग्णाने केवळ साल्बुटामॉलवर विसंबू नये, असे तिने स्पष्ट सांगितले. त्यापूर्वीची सुमारे पन्नास वर्षे सौम्य दम्यात ‘लागेल तेव्हा पंप मारा’ हाच सल्ला होता. संस्थेच्या सूचनेनुसार वर्षाला २०० मात्रांचे तीन किंवा अधिक साल्बुटामॉल पंप संपत असतील, तर दम्याचा तीव्र झटका येण्याचा धोका वाढतो. बारा किंवा अधिक संपत असतील, तर मृत्यूचा धोका वाढतो. महिन्याला एक पंप म्हणजे दिवसाला सरासरी सहा-सात फवारे. आपल्याकडे अनेक घरांत हा खप ‘नेहमीचा’ समजला जातो आणि औषध दुकानदारालाही त्यात वावगे वाटत नाही.

ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या मृत्यूंची राष्ट्रीय पातळीवर चौकशी झाली. तिचा अहवाल २०१४मध्ये आला. अभ्यासलेल्या १९५ मृत्यूंपैकी सुमारे दोन-तृतीयांश प्रकरणांत टाळता येण्याजोगे घटक आढळले. ज्यांच्या निळ्या पंपांची नोंद उपलब्ध होती, अशा १६५ जणांपैकी ३९ टक्के रुग्णांनी आधीच्या वर्षभरात बारांहून अधिक पंप घेतले होते. तेथील मोफत, नोंदबद्ध आरोग्यसेवेतील ही अवस्था आहे.

आता अनेक प्रौढ रुग्णांना बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप दिला जातो. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत श्वास मोकळा करते आणि प्रत्येक फवाऱ्यासोबत सुजेवरचे औषधही आत जाते. म्हणून तोच पंप रोजचा आणि तोच तातडीचाही ठरू शकतो. मात्र सर्वच जोडपंपांना हा नियम लागू नाही. साल्मेटेरॉल असलेला पंप सावकाश काम करतो, तो तातडीच्या वेळी वापरायचा नसतो. सीओपीडीच्या रुग्णालाही ही पद्धत लागू होत नाही. पंपाचा रंग कंपनीनुसार बदलतो, तेव्हा रंगावर न जाता नाव वाचून घ्यावे, आणि दिवसाची कमाल मात्रा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावी. साल्बुटामॉल, बुडेसोनाइड आणि हे जोड औषध अत्यावश्यक औषधांच्या २०२२च्या राष्ट्रीय यादीत आहेत. जनऔषधी केंद्रांत चौकशी केल्यास खर्च बराच कमी होऊ शकतो.

एका आजाराचे औषध, दुसऱ्याचे निमित्त

पिशवीकडे परत वळू. काचबिंदूसाठी दिले जाणारे टिमोलॉल हे थेंब सर्वांत फसवे. थेंब डोळ्यात टाकायचे, त्याचा छातीशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. परंतु डोळ्यातून अश्रुनलिकेवाटे औषध नाकात उतरते, तेथून थेट रक्तात शोषले जाते आणि यकृताचा टप्पा चुकवून फुप्फुसांपर्यंत पोहोचते. टिमोलॉल ‘बीटा ब्लॉकर’ गटातील आहे. श्वासनलिका रुंद करणाऱ्या ज्या कळीवर साल्बुटामॉल बोट ठेवते, तीच कळ हे औषध बंद करते. अमेरिकेत १९७८मध्ये या थेंबांना मान्यता मिळाली आणि त्यानंतर थोड्याच काळात दमेकऱ्यांमध्ये गंभीर झटके व मृत्यू नोंदवले गेले. आजही अनेक जोड थेंबांत टिमोलॉल असते आणि बाटलीवर ठळक असते ते कंपनीचे नाव. नेत्रतज्ज्ञ डोळे पाहतात, छातीचे डॉक्टर छाती पाहतात. दमा असल्याचे नेत्रतज्ज्ञांना सांगण्याची जबाबदारी त्यामुळे रुग्णावर आणि घरच्यांवर येते. काचबिंदूवर दम्याला चालणारे दुसरे थेंब उपलब्ध आहेत. स्वतःहून थेंब बंद केले, तर मात्र दृष्टी जाण्याचा धोका आहे.

याच गटातील गोळ्या रक्तदाब, हृदयविकार, हाताचा कंप, अर्धशिशी अशा अनेक कारणांनी दिल्या जातात. प्रोप्रॅनोलॉल दम्यात टाळतातच. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल ही प्रामुख्याने हृदयावर काम करणारी औषधे हृदयविकाराच्या झटक्यानंतर अत्यावश्यक असतील, तर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालू ठेवता येतात. अशी गोळी एकाएकी सोडल्यास हृदयावर ताण येतो. तेव्हा हे वाचून कोणी गोळी बंद करू नये. पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जावे.

गुडघेदुखीच्या गोळ्यांचे दुखणे निराळे. ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांनी काही प्रौढ दमेकऱ्यांना तासा-दोन तासांत तीव्र झटका येतो. दमा असलेल्या प्रौढांत हे प्रमाण सुमारे सात टक्के आढळले आहे. नाकात वारंवार मस्से होणारे, सतत नाक चोंदलेले आणि वास न येणारे रुग्ण यात विशेष दिसतात. सर्वांनाच ही गोळी वर्ज्य आहे असे नाही, पण घेतल्यानंतर एकदा जरी छाती भरली असेल, तरी ती कायमची टाळावी आणि तसे प्रत्येक डॉक्टरांना सांगावे. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते. हृदयासाठी रोज घेतली जाणारी ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन त्रास देत नसेल, तर ती थांबवण्याचे कारण नाही.

थिओफायलिन गटातील गोळ्या (डेरिफायलिन हे नाव घराघरांत ठाऊक आहे) स्वस्त आहेत आणि ‘पंपापेक्षा गोळी बरी’ या समजुतीला त्यांनी खतपाणी घातले आहे. या औषधाची गुणकारी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. उतारवयात यकृत मंदावल्याने ते शरीरात अधिक काळ राहते. लघवीच्या किंवा पोटाच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन, खोकल्यासाठी एरिथ्रोमायसिन सुरू झाले, तर रक्तातील थिओफायलिन आणखी वाढते. मळमळ, छातीत धडधड, झोप उडणे, पुढे हृदयाचे ठोके बिघडणे आणि झटके येणे, असा तो क्रम आहे. मळमळ झाली म्हणून पित्ताची गोळी दिली जाते आणि मूळ कारण तसेच राहते, असेही घडू शकते.

पोटॅशियमचा प्रश्न तर बहुतेकांच्या गावीही नसतो. साल्बुटामॉल, विशेषतः यंत्राने दिलेली वाफ, रक्तातील पोटॅशियम खाली आणते. स्टिरॉइडच्या गोळ्या, थिओफायलिन आणि रक्तदाबासाठी किंवा पायावरच्या सुजेसाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी हेच करतात. चारही एकत्र आले, की हृदयाचे ठोके अनियमित होण्याची शक्यता वाढते. घरी वाफेचे यंत्र आणून दिवसातून चार-चार वेळा वाफ घेणाऱ्या, हृदयरोग असलेल्या ज्येष्ठांची रक्ततपासणी म्हणूनच आवश्यक ठरते.

टायोट्रोपियम, इप्राट्रोपियम ही औषधे दम्यात जोड म्हणून उपयोगी पडतात. मात्र प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडणे किंवा वाफ डोळ्यात गेल्यास काचबिंदू बळावणे संभवते. गजकर्णासाठी दिले जाणारे इट्राकोनॅझोल श्वासावाटे घेतलेल्या बुडेसोनाइड व फ्लुटिकासोनचे शरीरातील प्रमाण वाढवते. माँटेलुकास्टच्या गोळीमुळे काहींना झोपेचे व मनःस्थितीचे विकार होतात, म्हणून अमेरिकी औषध प्रशासनाने मार्च २०२०मध्ये तिच्यावर ठळक इशारा छापणे बंधनकारक केले. आजी अलीकडे चिडचिड करतात, रात्री बडबडतात, हे केवळ वार्धक्य असेलच असे नाही.

‘स्टिरॉइड’ या शब्दाची दहशत

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१मध्ये, या शहराने म्युकरमायकोसिसचे रुग्ण पाहिले. मधुमेह आणि भरमसाट स्टिरॉइड यांचे नाव त्या आजाराशी जोडले गेले. तेव्हापासून पंपात स्टिरॉइड आहे असे कळताच तो बंद करण्याकडे कल दिसतो. येथे साधा हिशेब उपयोगी पडावा. पंपातील स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीतील मिलिग्रॅममध्ये. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड घेणारा रुग्ण आणि झटक्यासाठी ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन घेणारा रुग्ण यांच्या मात्रेत वजनाने शंभर पट अंतर आहे. दोन्ही औषधांची ताकद वेगळी असल्याने ही तुलना तंतोतंत नाही, पण पंपातील औषध मुख्यतः श्वासनलिकेतच काम करते आणि रक्तात फार थोडे जाते, हे खरे आहे.

म्हणजे पंप सर्वस्वी निर्दोष आहे असे नव्हे. घसा बसणे, तोंडात पांढरे चट्टे येणे हे त्रास होतात. चूळ भरून पाणी थुंकून टाकल्यास, कवळी असल्यास ती काढून धुतल्यास ते बरेच टळतात. अधिक मात्रा वर्षानुवर्षे घेतल्यास हाडे विरळ होणे, मोतीबिंदू, कातडीवर सहज काळेनिळे डाग पडणे संभवते, म्हणून दमा आटोक्यात आल्यावर डॉक्टर मात्रा उतरवत नेतात.

खरा धोका गोळ्यांचा आणि इंजेक्शनांचा आहे. रोजचा पंप टाळणाऱ्या रुग्णाला झटका येतो, पाच दिवस ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन दिले जाते, बरे वाटते आणि पंप पुन्हा कोपऱ्यात जातो. एका फेरीत २०० मिलिग्रॅम. अशा पाच फेऱ्या झाल्या, की एक ग्रॅम. आयुष्यभरात एकूण अर्धा ते एक ग्रॅम एवढ्या मात्रेपासूनच मधुमेह, हाडांची झीज, मोतीबिंदू, हृदयविकार यांचा धोका वाढत असल्याचे संशोधनातून दिसले आहे. मधुमेही ज्येष्ठाची साखर तर दुसऱ्याच दिवशी उसळते. जीव वाचवण्यासाठी ही गोळी लागते तेव्हा ती घ्यावीच लागते. ज्यांना महिनोन्‌महिने ती दिली गेली आहे, त्यांनी ती अचानक थांबवणेही धोक्याचे, कारण शरीराने स्वतःचे स्टिरॉइड बनवणे कमी केलेले असते. पण स्टिरॉइडच्या भीतीने पंप सोडणारा रुग्ण अखेरीस कितीतरी अधिक स्टिरॉइड पोटात घेतो, ही या साऱ्या प्रकरणातील विसंगती आहे.

पंप घेतला, औषध कोठे गेले?

औषध योग्य असूनही दमा आटोक्यात येत नसेल, तर बहुतेक वेळा दोष घेण्याच्या पद्धतीत असतो. दाबून फवारा उडवायचा पंप सावकाश श्वासासोबत घ्यावा लागतो. कॅप्सूल भरून ओढायचे कोरड्या भुकटीचे उपकरण मात्र जोराने आणि खोल ओढावे लागते. दोन्ही पद्धती एकमेकींच्या उलट आणि अनेकांच्या पिशवीत दोन्ही उपकरणे. कॅप्सूल उपकरणात न घालता पाण्याबरोबर गिळणारे रुग्णही आढळतात.

संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांनी पंप दाबला जात नाही. अशक्त छातीला भुकटी जोराने ओढता येत नाही. हात आणि श्वास यांचा मेळ बसला नाही, तर फवारा जिभेवरच बसतो. अशांसाठी ‘स्पेसर’ नावाची पोकळ नळी हा सोपा उपाय आहे. पंप हलवून स्पेसरला लावावा, ताठ बसून श्वास पूर्ण सोडावा, एक फवारा आत उडवावा, सावकाश ओढून घ्यावा आणि शक्यतो दहा सेकंद श्वास रोखावा. ते जमत नसेल, तर त्याच नळीतून पाच-सहा संथ श्वास घेतले तरी चालतात. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटाने. दोन फवारे एकदम उडवू नयेत. स्पेसर साबणाच्या पाण्याने धुऊन न पुसता वाळू द्यावा, कारण पुसल्याने स्थिर वीज तयार होऊन औषध भिंतीला चिकटते. स्पेसरही परवडत नसेल, तर? केप टाऊनमधील डॉक्टरांनी अर्ध्या लिटरची शीतपेयाची प्लास्टिकची बाटली बुडाशी कापून, त्यात पंप घट्ट बसवून मुलांवर पाहिले. बाजारातील स्पेसरइतकाच गुण आला. हा अभ्यास १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

पंपात औषध शिल्लक आहे का, हे तो पाण्यात तरंगवून पाहण्याची पद्धत चुकीची आहे. आतील वायू उरलेला असतो आणि औषध संपलेले असते. आकडा दाखवणारा पंप घ्यावा किंवा सुरू केल्याची तारीख त्यावर पट्टी लावून लिहावी. विस्मरण असलेल्या ज्येष्ठांना पंप घरच्यांनीच हातात द्यावा आणि प्रत्येक भेटीत डॉक्टरांसमोर घेऊन दाखवावा.

मरळ, खीर आणि पुड्या

मृग नक्षत्र लागले, की हैदराबादकडे जाणाऱ्या गाड्यांत दमेकरी दिसतात. तेथील बथिनी गौड कुटुंब जिवंत मरळ माशाच्या पिलाच्या तोंडात वनौषधींची पिवळी गोळी ठेवून ते रुग्णाला गिळायला देते. शाकाहाऱ्यांना ती गुळातून मिळते. ही परंपरा १८४५पासूनची असल्याचे कुटुंब सांगते. मराठवाडा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, हैदराबाद ही इथल्या माणसाची राजधानी होती, तेव्हा या वाटेचे नवल नाही. पूर्वी याला औषध म्हणत. वाद न्यायालयात गेल्यानंतर ‘प्रसाद’ हा शब्द रूढ झाला. कोरोनाकाळात खंड पडलेला हा कार्यक्रम २०२३मध्ये पुन्हा सुरू झाला. त्याने दमा बरा होतो याला शास्त्रीय पुरावा नाही. कोजागरीच्या रात्री खिरीतून दिले जाणारे दम्याचे औषध हाही असाच श्रद्धेचा भाग. ज्येष्ठ रुग्णाला अशा ठिकाणचा प्रवास, गर्दी, रात्रीचे जागरण आणि थंडी बाधू शकते. त्याहून मोठे संकट म्हणजे ‘आता हे घेतले’ म्हणून पंप बंद करणे. श्रद्धेने प्रसाद घेणाऱ्याचा पंप खिशात असावा, एवढा आग्रह घरच्यांनी धरला तरी खूप झाले.

बिननावाच्या पुड्यांबाबत मात्र सवलत देण्यासारखे काही नाही. ‘देशी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही औषधांत स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे. पुडीने दोन दिवसांत जादू व्हावी, भूक वाढावी, चेहरा गोल व्हावा, साखर चढावी आणि पुडी सोडताच धाप परतावी, ही स्टिरॉइडचीच लक्षणे आहेत.

घर, शेत, हवा

केंद्र सरकारने जानेवारी २०१९मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात निकषांहून अधिक प्रदूषित शहरांच्या यादीत या शहराचाही समावेश झाला. फेब्रुवारी २०१८मध्ये नारेगावच्या कचरा डेपोविरोधात ग्रामस्थ उभे राहिल्यानंतर रस्तोरस्ती साचलेला आणि ठिकठिकाणी जाळला गेलेला कचरा येथील नागरिक विसरलेले नाहीत. पावसाळ्यानंतर मोकळ्या भूखंडांवर माजणारे गाजर गवत, सुगीतील मळणीची धूळ, डासांची कॉइल, फोडणीचा ठसका, बंद खोलीतील धूप ही रोजची निमित्ते. सगळीच टाळता येत नाहीत. मळणीच्या वेळी खळ्यापासून दूर राहणे, चूल सुटत नसेल तर किमान ती पेटवताना आजींना बाहेर बसवणे आणि घरात कोणीही विडी-सिगारेट न ओढणे एवढे करता येते. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. ज्येष्ठांना बहुधा ती स्वखर्चानेच घ्यावी लागते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत.

रात्री धाप वाढली तर

रुग्णाला आडवे करू नये. ताठ बसवावे, कपडे सैल करावेत. साल्बुटामॉलचे चार फवारे स्पेसरमधून एकेक करून द्यावेत. वीस मिनिटांत आराम न पडल्यास पुन्हा चार द्यावेत आणि तोवर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकेला कळवलेले असावे. एक वाक्य एका दमात बोलता न येणे, ओठ किंवा नखे निळसर दिसणे, घाम फुटणे, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे ही गंभीर लक्षणे असून त्यात वीस मिनिटेही थांबू नये. घरघर अचानक ऐकू येईनाशी झाली आणि धाप मात्र तशीच असेल, तर ती सुधारणा नव्हे. हवा आत जाणेच थांबत आल्याची ती खूण असू शकते. झोप यावी म्हणून गोळी देणे अशा वेळी जीवघेणे ठरू शकते. छातीत दुखत असेल, तर हृदयविकाराची शक्यता धरून तसे रुग्णवाहिकेतील डॉक्टरांना सांगावे. आणि निघताना ती पिशवी, थेंबांच्या बाटलीसकट आणि पुडीसकट, सोबत घ्यावी.